टक्का कशाचा, मात्रा कशाच्या मानाने?

नववी ते बारावीच्या आणि रात्रशाळेतल्या प्रौढ विद्यार्थ्यांना रोजच्या आरोग्यविषयक निर्णयांत गणित वापरायला कसे शिकवावे, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. उत्तरे गणिताच्या शिक्षकाच्या भूमिकेतून लिहिली आहेत. त्यांतल्या आकड्यांवरून कोणीही घरच्या घरी उपचार ठरवू नयेत.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. ‘जीवनाशी निगडित उदाहरणे घ्या’ असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, परंतु पोर्शन पूर्ण करतानाच दमछाक होते. आरोग्यासाठी वेगळे तास कुठून आणायचे, आणि सुरुवात नेमकी कोणत्या घटकापासून करायची?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, वेगळा तास लागणार नाही. नववीच्या पहिल्या भागात ‘गुणोत्तर व प्रमाण’ आहे, दहावीच्या पहिल्या भागात ‘संभाव्यता’ आणि ‘सांख्यिकी’ आहे. घटक तेच ठेवून त्यांतली चार-दोन उदाहरणे बदलली तरी पुरे. अर्थनियोजनाच्या प्रकरणात आपण दहावीच्या मुलांना जीएसटी आणि शेअर शिकवतो. ती मुले पुढे शेअर घेतील की नाही कोण जाणे, पण धाकट्या भावंडाला तापाचे औषध पाजण्याची वेळ त्यांच्यापैकी बऱ्याच जणांवर आधीच येऊन गेलेली असते.

म्हणून सुरुवात त्या बाटलीपासूनच करावी. पॅरासिटामॉलच्या तीन रिकाम्या बाटल्या धुऊन वर्गात आणाव्यात. एकीवर ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असे छापलेले असते, दुसरीवर ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘१ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम’. पहिला प्रश्न एवढाच विचारावा की सर्वांत तीव्र औषध कोणते. पुष्कळ मुले सर्वांत मोठा आकडा पाहून २५० वर बोट ठेवतील, आणि तिथेच धडा सुरू होतो. तिन्ही प्रमाणे १ मिलीवर आणली की अनुक्रमे २४, ५० आणि १०० मिलिग्रॅम येतात. म्हणजे तिन्ही बाटल्यांत जी सर्वांत लहान, तिच्यातले औषध पहिलीच्या चौपटीहून तीव्र निघते.

आता त्यावर वजनाचा हिशेब चढवावा. या औषधाची मुलांसाठीची एका वेळची मात्रा साधारणपणे दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम अशी असते. १२ किलोच्या मुलाला त्या हिशेबाने १२० ते १८० मिलिग्रॅम लागतील. पहिल्या बाटलीतून ते ५ ते साडेसात मिली होतात, दुसऱ्या बाटलीतून २.४ ते ३.६ मिली. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता, याही वेळी एक चमचा द्या’ असे आजी म्हणते तेव्हा मधल्या काळात बाटली बदललेली असू शकते, आणि त्याच ५ मिलीच्या चमच्यातून मुलाच्या पोटात २५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे जवळजवळ २१ मिलिग्रॅम जातात. थेंबांच्या बाटलीतून कोणी चमचाभर औषध ओतले, तर तोच आकडा किलोमागे ४२ च्या आसपास जातो. हे त्रैराशिक मुलांनी स्वतः मांडले पाहिजे. आपण फळ्यावर लिहून दिले की त्यातली भीती निघून जाते आणि उरते ती नुसती बेरीज-गुणाकाराची कसरत.

चमच्याचाही बंदोबस्त त्याच तासाला करावा. मुलांना घरून चहाचा, पोह्यांचा आणि लोणच्याच्या बरणीतला चमचा आणायला सांगावे, आणि औषधाबरोबर मिळणाऱ्या खुणांच्या टोपणाने त्यांत किती पाणी मावते ते मोजायला लावावे. येणाऱ्या संख्या वहीत मांडल्या की मध्य, मध्यक आणि विस्तार यांच्यासाठी आयती सामग्री हाती येते. सांख्यिकीच्या प्रकरणातल्या ‘एका वर्गातील ४० विद्यार्थ्यांचे गुण’ या सनातन उदाहरणापेक्षा ती केव्हाही बरी.

प्रमाणांच्या या गोंधळामुळेच २०११ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी लहान मुलांच्या पॅरासिटामॉलची निरनिराळी द्रवरूपे बंद करून ‘५ मिलीमध्ये १६० मिलिग्रॅम’ हे एकच प्रमाण स्वीकारले. आपल्याकडे अजून निरनिराळी प्रमाणे शेजारी-शेजारी विकली जातात, तेव्हा लेबल वाचण्याची जबाबदारी घरावरच येऊन पडते. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते; दोन बाटल्यांतल्या मात्रांची बेरीज करायची असते हे मुलांना सुचते का, ते स्वाध्यायातून पाहावे.

प्रश्न : मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत शिकवतो. माझे विद्यार्थी अठरा ते पंचेचाळीस वयाचे आहेत. कोणी हॉटेलात काम करते, कोणी घरकाम, कोणी कुरिअरमध्ये आहे. एका विद्यार्थिनीची आरोग्य शिबिरातली तपासणी पॉझिटिव्ह आली. ‘चाचणी ९५ टक्के अचूक आहे’ असे सांगितल्यामुळे ती ९५ टक्के आजार धरूनच बसली. पुढच्या तपासण्यांत काही निघाले नाही. टक्केवारीचे नाव काढले की हा वर्ग गप्प होतो. अशा वर्गाला हे कसे समजावायचे?
— एक शिक्षक, मुंबई

उत्तर : सर, टक्केवारी बाजूलाच ठेवा आणि माणसे मोजायला लावा. रोजच्या गल्ल्याचा, पगाराच्या खाड्यांचा आणि भिशीचा हिशेब तोंडी करणाऱ्या या विद्यार्थ्यांना संख्या कळत नाहीत असे नाही. पूर्णांकांऐवजी शेकड्यांत बोलू लागले की त्यांचा सांधा निखळतो, आणि तो भल्याभल्या शिकलेल्यांचाही निखळतो. गेर्ड गिगेरेन्झर आणि उलरिच होफ्रागे या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की अशा प्रश्नांची माहिती टक्क्यांऐवजी ‘इतक्यांपैकी इतके’ अशी दिली, तर बरोबर उत्तर काढणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढते.

आलेख कागदावर ४० बाय २५ चौकटींचा आयत आखून घ्या. त्यात १,००० चौकटी होतात, आणि प्रत्येक चौकट म्हणजे शिबिरात आलेले एक माणूस. समजा त्यांच्यापैकी १० जणांना खरोखर आजार आहे. त्या दहा चौकटी लाल पेनने रंगवा. चाचणी आजार असलेल्या दहांपैकी ९ जणांना पकडते, एक निसटतो. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी १०० तल्या ५ जणांना ती उगाचच पॉझिटिव्ह ठरवते. म्हणजे सुमारे ५० चौकटींवर निळी फुली पडेल. आता पॉझिटिव्हचा कागद हातात असलेली सगळी माणसे एका रांगेत उभी करा: ९ लाल आणि ५० निळी, मिळून ५९. तुमची विद्यार्थिनी या ५९ च्या रांगेत उभी आहे, आणि त्या रांगेत खरे आजारी ९ च आहेत, म्हणजे शंभरात साधारण १५. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट, म्हणजे चाळणी चाचण्यांत असा प्रकार नेहमीचाच आहे.

एवढ्यावर थांबू नका. दुसरा कागद घ्या. आता शिबिर नाही, दवाखाना आहे. आलेल्या १,००० जणांना लक्षणे आहेत आणि डॉक्टरांनी तपासून, संशय आला म्हणूनच चाचणी लिहिली आहे. समजा त्यांच्यापैकी ३०० जणांना आजार आहे. चाचणी तीच, तिचे गुणदोष तेच. या वेळी २७० जण बरोबर पकडले जातात, ७०० निरोगी माणसांपैकी ३५ जणांवर चुकीची फुली पडते, आणि ३०५ च्या रांगेत २७० खरे आजारी निघतात, शंभरात ८८-८९. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी-शेजारी लावले की डॉक्टर चाचणी लिहिण्याआधी इतके प्रश्न का विचारतात आणि शिबिरात पॉझिटिव्ह आल्यावर दुसरी, अधिक नेमकी तपासणी का करायला लावतात, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतात. ‘९५ टक्के अचूक’ हे वाक्य निरोगी माणसांबद्दल होते, पॉझिटिव्ह आलेल्यांबद्दल नव्हतेच. याच कागदावर उलटी बाजूही दाखवा: जो एक लाल चौकटवाला निसटला, त्याच्या हातात ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद आहे. लक्षणे चालूच राहिली तर त्याने तो कागद घेऊन घरी बसून चालणार नाही.

पाया न सांगता दिलेल्या आकड्याने काय घडते, याचे एक खरे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्यांत ‘दुप्पट’ आणि ‘शंभर टक्के वाढ’ एवढेच झळकले. मूळ आकडा सुमारे ७,००० स्त्रियांमागे एक होता, तो दोन झाला होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा अधिक असतो, हे त्या गदारोळात कोणी लक्षात घेतले नाही. ‘दुप्पट’ ऐकले की ‘कितीची दुप्पट?’ असे विचारायची सवय तुमच्या वर्गाला लागली, तर संभाव्यतेच्या प्रकरणातले फासे आणि पत्ते थोडे कमी झाले तरी चालतील.

प्रश्न : आमच्या मुलीच्या शाळेत औषधांच्या मात्रांची गणिते दिली जातात. यातून मुले स्वतःच डॉक्टर होतील, अशी आम्हा पालकांना भीती वाटते. ती अनाठायी आहे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : भीती अनाठायी नाही, पण ती गणित कसे विचारले जाते यावर अवलंबून आहे. ‘या मुलाला किती औषध द्यावे?’ असा प्रश्न शाळेने विचारू नये. ‘डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम लिहून दिले आहे आणि घरी या प्रमाणाची बाटली आहे, तर किती मिली मोजाल?’ असा विचारावा. किती द्यायचे हा निर्णय डॉक्टरांचा. मोजणे मात्र घरातच होते, आणि तिथे चुकले तर डॉक्टर शेजारी नसतात. उत्तर शंकास्पद आले, तर पुढची पायरी फोन करून विचारण्याची आहे, आणि ती पायरी उत्तरपत्रिकेत लिहायला लावावी. तुमच्या शाळेची गणिते पहिल्या प्रकारची असतील, तर शिक्षकांशी अवश्य बोला.

प्रश्न : माझी मुलगी इथे बारावीच्या बरोबरीच्या वर्गात शिकते. आई दरवर्षी भारतातून येते, सोबत तिची इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज आणते. इथले इन्सुलिन वेगळे, रक्तातल्या साखरेचे आकडेही वेगळे. ‘आजीची साखर ७.८’ हे ऐकून भारतातले नातेवाईक घाबरतात. मुलीला यातले गणित शिकवावे असे वाटते.
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : या एका प्रवासी पिशवीत समप्रमाण, एकके आणि रेषीय समीकरण असे तिन्ही घटक आले आहेत, पाठ्यपुस्तकालाही इतके नीट जमले नसते.

आधी साखर. भारतात ती मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये सांगतात, इंग्लंडमध्ये मिलिमोल (वजनाऐवजी रेणूंची संख्या मोजणारे एकक) प्रति लिटरमध्ये, आणि ग्लुकोजसाठी रूपांतर सरळ १८ च्या पटीत होते. ७.८ ला १८ ने गुणले की १४० येतात. मधुमेहाची उपाशीपोटीची १२६ ही सीमा तिकडे ७ म्हणून दिसते. इथे त्रैराशिक चालते.

एचबीए१सीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीला, मात्र ते चालत नाही. भारतात अहवाल टक्क्यांत येतो आणि ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति मोलमध्ये; तिथे टक्क्यांतून २.१५ वजा करून १०.९३ ने गुणावे लागते. ६.५ टक्के म्हणजे ४८, ७ टक्के म्हणजे ५३. टक्केवारी निम्मी झाली म्हणून दुसरा आकडा निम्मा होत नाही, कारण आलेखाची रेषा आरंभबिंदूतून जात नाही. फॅरनहाइट आणि सेल्सियसचेही तसेच आहे: १०४ म्हणजे ४०, पण ५२ म्हणजे २० नव्हे, ११ च्या आसपास. मुलीला दोन्ही आलेख एकाच कागदावर काढू द्या. आरोग्यातल्या हिशेबांत त्रैराशिक केव्हा वापरू नये हे कळणे, ते वापरता येण्याइतकेच कामाचे आहे.

इन्सुलिनचा मुद्दा मात्र समजुतीपुरताच शिकवा. भारतात बाटलीतले इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर ‘१ मिलीमध्ये ४० युनिट’ असे मिळते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. ब्रिटनमध्ये ‘१ मिलीमध्ये १०० युनिट’ ही पद्धत आहे आणि त्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची खूण अर्ध्या मिलीवर असते. त्याच सिरिंजमध्ये तिकडचे इन्सुलिन त्याच खुणेपर्यंत भरले, तर अर्ध्या मिलीत ५० युनिट येतात, म्हणजे अडीचपट. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उलट भारतातले इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ८ च युनिट जातात. हे गणित सुटले म्हणून ‘आपण २० ऐवजी ८ च्या खुणेपर्यंत भरू’ असा उपाय कोणी काढू नये. प्रमाण जुळणारी सिरिंजच वापरायची. इथे गणिताने फक्त ती का वापरायची हे कळते. आईंच्या डॉक्टरांशी आणि तिकडच्या फार्मासिस्टशी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे हे उत्तम.

प्रश्न : अकरावीच्या वर्गात सर्व मुलामुलींचे वजन-उंची घेऊन बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढण्याचा उपक्रम करावा असा विचार आहे. आपले मत?
— कनिष्ठ महाविद्यालयातले एक प्राध्यापक, अमरावती

उत्तर : करू नये. त्या वयात वर्गासमोर वजनकाट्यावर उभे राहण्याची किंमत मुलींना आणि मुलांनाही फार दिवस मोजावी लागते. शिवाय गणिताच्या दृष्टीनेही तो उपक्रम सदोष ठरेल, कारण भारतीय प्रौढांसाठी जास्त वजनाची २३ ची जी सीमा सांगतात ती अठरा वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. कल्पित प्रौढांची माहिती द्यावी. बीएमआयचे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियन गणिती आदोल्फ केतले यांनी जनसमूहांच्या अभ्यासातून मांडले आणि अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याला आजचे नाव दिले. मग उंचीचा वर्गच का घेतला, घन का नाही, आणि पैलवान व बैठे काम करणारा माणूस यांचा बीएमआय सारखा आला तर सूत्राने काय दडवले, हे प्रश्न अकरावीला शोभणारे आहेत.

प्रश्न : मी बारावीत आहे. चिवड्याच्या पाकिटावर सोडियम ‘दैनिक गरजेच्या ८ टक्के’ असे होते, म्हणून मी निश्चिंत होतो. ताई म्हणते की मी लेबल चुकीचे वाचले. कोण बरोबर?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा ताई. ते ८ टक्के एका ‘सर्व्हिंग’चे असतात, आणि सर्व्हिंग किती ग्रॅमचे हे शेजारी बारीक अक्षरांत असते. समजा १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि सर्व्हिंग २० ग्रॅमचे धरले आहे. तर एका सर्व्हिंगमध्ये १६० मिलिग्रॅम, म्हणजे लेबलसाठी धरलेल्या २,००० मिलिग्रॅमच्या ८ टक्के. पाकीट १५० ग्रॅमचे असेल आणि मॅच बघताबघता ते संपले असेल, तर १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे ६० टक्के. सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते. ते झाले ३ ग्रॅम, आणि दिवसभराची शिफारस ५ ग्रॅमच्या आत आहे. आमटी, लोणचे, पापड अजून ताटात यायचेच आहेत.

प्रश्न : अशा उदाहरणांना गुण कसे द्यावेत? उत्तर बरोबर पण अर्थ चुकीचा, असे वारंवार होते.
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आकडेमोडीला निम्मेच गुण ठेवावेत. एक नमुना देतो. ‘२१ ग्रॅमचे ओआरएसचे पाकीट १ लिटर पाण्यासाठी आहे. घरात कोणी ते पूर्ण पाकीट २०० मिलीच्या एका पेल्यात कालवले. द्रावणात काय फरक पडला? शेजारच्या दुकानात मिळणारे ४.२ ग्रॅमचे पाकीट त्या पेल्याला चालले असते का?’ एकूण सहा गुण.

द्रावण पाचपट तीव्र झाले, यास एक गुण. लिटर आणि मिली एकाच एककात आणले, यास एक. २१ ला १,००० ने आणि ४.२ ला २०० ने भागून गुणोत्तर सारखे असल्याचे दाखवले, यास एक. उरलेले तीन गुण शब्दांतल्या उत्तराला. योग्य द्रावणात दर लिटरला सोडियम ७५ मिलिमोल असते, ही माहिती प्रश्नासोबत द्यावी. तीव्र द्रावणात ते ३७५ होईल, आणि रक्तात ते साधारण १४० च असते, तेव्हा असे द्रावण जुलाब झालेल्या मुलाला पाणी देण्याऐवजी उलट त्याच्या शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेईल, असे ज्याने लिहिले त्याला तिन्ही गुण द्यावेत. ‘पाचपट जास्त औषध गेले, म्हणून मूल पाचपट लवकर बरे होईल’ असे लिहिणारा विद्यार्थी दर वर्षी एखादा तरी भेटतो. त्याला आकडेमोडीचे तीन गुण द्यावेत आणि उत्तरपत्रिका परत करताना शेजारी बसवून घ्यावे.